मेंटोन, टेक्सास : २२ माणसांचे काउंटीचे मुख्यालय, आणि लोकसंख्येत धरायचे कुणाला?

पेकोसपार

काउंटी म्हणजे राज्याखालचा, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. पश्चिम टेक्सासमधील लव्हिंग काउंटी ही अमेरिकेतील तीन हजारांहून अधिक काउंट्यांमध्ये सर्वांत कमी वस्तीची काउंटी आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे एकूण ६४ माणसे नोंदली गेली आणि त्यांपैकी २२ जण मेंटोन या मुख्यालयात राहणारे होते. क्षेत्रफळ मात्र १,७०० चौरस किलोमीटरांहून जास्त आहे, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे मिळून जेवढे होतात त्याच्या जवळपास तिप्पट. आपल्याकडे तालुक्याचे ठिकाण म्हटले की एस. टी. स्थानक, बाजारपेठ, तहसील कचेरीबाहेरचे अर्जनवीस असे काहीतरी डोळ्यांसमोर येते. मेंटोनमध्ये १९३५ साली बांधलेली न्यायालयाची दुमजली इमारत आहे, पोस्ट ऑफिस आहे आणि १९१० साली पोर्टरव्हिल येथे बांधून नंतर इथे हलवलेली एक लाकडी प्रार्थनागृहाची इमारत आहे. नगरपालिका नाही, कारण गावाला कायद्याने तसा दर्जाच नाही. शाळाही नाही. मुले शेजारच्या विंक्लर काउंटीतील विंक या गावी जातात.

मी नोकरीनिमित्त मिडलंड येथे राहतो आणि कामासाठी मेंटोनमधून जाणाऱ्या ३०२ क्रमांकाच्या राज्य महामार्गावरून मला अधूनमधून जावे लागते. दिवस मावळताना त्या रस्त्यावर वाळूचे ट्रक, पाण्याचे टँकर, पाइप लादलेले लांबलचक ट्रेलर आणि पाळी संपवून परतणाऱ्या कामगारांच्या पिकअप गाड्या यांची अशी रांग लागते की बाजूच्या कच्च्या रस्त्यावरून मुख्य रस्त्याला लागायचे असेल तर बराच वेळ ताटकळावे लागते. दोन्ही बाजूंना वायू जाळणाऱ्या ज्वाळा दिसतात आणि त्यांच्या उजेडात कामगारांच्या तात्पुरत्या वसाहती, म्हणजे एकाला एक जोडलेल्या फिरत्या घरांच्या ओळी दिसतात. हे सगळे पाहिल्यावर ६४ हा आकडा खोटा वाटू लागतो. तो खोटा नाही, हे मला माहीत आहे. परंतु तो नेमके काय मोजतो, याची चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे.

संदर्भासाठी काउंटीचे दर दहा वर्षांचे आकडे देतो. १८९० साली ३, १९०० साली ३३, १९१० साली २४९, १९२० साली ८२, १९३० साली १९५. १९४० साली २८५ हा उच्चांक झाला. त्यानंतर २२७, २२६, १६४, ९१, १०७, ६७, ८२ आणि शेवटी ६४.

ओसरीवरून

माहितीपूर्ण धागा आहे, परंतु मूळ प्रश्न वेगळाच आहे असे मला वाटते. ६४ माणसांसाठी स्वतंत्र काउंटी हवीच कशाला? शेरीफ (म्हणजे पोलीस प्रमुख), न्यायाधीश, कारकून, खजिनदार हे सगळे ६४ जणांतूनच निवडायचे असतील तर मतदार कमी आणि उमेदवार जास्त अशी गत व्हायची. शेजारच्या काउंटीत विलीन करून टाकावी, म्हणजे तुमचा मोजणीचा प्रश्नही निकालात निघेल.

पेकोसपार

ओसरीवरून, तो प्रयोग होऊन गेला आहे. लव्हिंग ही टेक्सासच्या २५४ काउंट्यांपैकी एकमेव काउंटी अशी आहे की जी एकदा स्थापन झाली, मोडली आणि पुन्हा स्थापन झाली.

नकाशावर ती १८८७ साली टॉम ग्रीन काउंटीतून वेगळी काढली गेली. पेकोस नदीच्या काठी कोमँची हल्ल्यात जखमी होऊन १८६७ साली मरण पावलेल्या ऑलिव्हर लव्हिंग या गुरांच्या तांड्यांच्या व्यापाऱ्याचे नाव तिला दिले गेले. प्रत्यक्ष कारभार मात्र १८९३ साली सुरू झाला, आणि तोही डेन्व्हरहून आलेल्या एका कालवे कंपनीच्या लोकांच्या पुढाकाराने. त्यांनी पेकोसच्या पाण्यावर शेती फुलवण्याची स्वप्ने दाखवली आणि काउंटी स्थापन करण्यासाठी १५० मतदारांच्या सह्यांचा अर्ज दिला. तीनच वर्षांपूर्वीच्या जनगणनेत त्या मुलखात ३ माणसे होती आणि सात वर्षांनंतरच्या जनगणनेत ३३ भरली, यावरून त्या दीडशे सह्यांविषयी काय समजायचे ते समजावे. पुराने कालव्याचे काम वाहून गेले, कारभारी मंडळी पांगली आणि १८९७ साली विधिमंडळाने काउंटी रद्द करून तो भाग रीव्ह्ज काउंटीला जोडून टाकला. पुढे १९२० च्या दशकात तेल सापडले आणि १९३१ साली काउंटी पुन्हा उभी राहिली. मुख्यालयासाठी निवडलेल्या तेलवस्तीला जुन्या, ओस पडलेल्या मुख्यालयाचे मेंटोन हेच नाव दिले गेले.

आता विलीनीकरणाविषयी. जमिनीखालून निघणाऱ्या तेलावरचा मालमत्ता कर काउंटीला मिळतो आणि सध्या लव्हिंग ही टेक्सासमधील सर्वाधिक तेल देणाऱ्या काउंट्यांपैकी एक आहे. असा खजिना हाती असताना तो शेजाऱ्याच्या स्वाधीन करण्याचा ठराव तिथले कोण मांडील?

पदांविषयीचे आपले म्हणणे मात्र अगदी बरोबर आहे. टेक्सासच्या राज्यघटनेनुसार प्रत्येक काउंटीत चार कमिशनर, म्हणजे काउंटीचा कारभार पाहणारे सदस्य, निवडावे लागतात. ह्यूस्टन शहर ज्या हॅरिस काउंटीत आहे तिथे ४७ लाखांहून अधिक लोकांना चार कमिशनर आणि इथे ६४ लोकांनाही चारच. त्यांच्या जोडीला न्यायाधीश, शेरीफ, कारकून, खजिनदार आहेतच. टेक्सासमध्ये निवडून आलेल्या पहिल्या महिला शेरीफ, एडना रीड क्लेटन ड्यूईज, १९४५ साली याच काउंटीत झाल्या, हेही जाता जाता नोंदवतो.

निवृत्त_प्रगणक

धागाकर्त्यांनी विचारलेल्या प्रश्नावर मी थोडे सविस्तर लिहितो, कारण शिक्षक म्हणून २०११ च्या जनगणनेचे काम मी केले आहे आणि माझ्या वाट्याला आलेला गट एका साखर कारखान्याच्या परिसरातला होता.

अमेरिकेची जनगणना 'नेहमीचे राहण्याचे ठिकाण' या तत्त्वावर चालते. माणूस वर्षातील बहुतेक काळ जिथे राहतो आणि झोपतो, तिथे त्याची नोंद होते, मग १ एप्रिल या संदर्भदिनी तो कामासाठी कुठेही असो. मेंटोनजवळच्या वसाहतीत पाळीने काम करणारा माणूस दोन आठवडे तिथे आणि उरलेला काळ बायकामुलांजवळ ओडेसा किंवा आणखी लांबच्या गावी राहत असेल, तर तो आपले नाव कुटुंबाजवळच लिहिणार. त्यामुळे रात्री दिव्यांनी उजळलेली वसाहत कागदावर जवळपास रिकामी राहते. गणना चुकली असे याला म्हणता येणार नाही. नियमच तसा आहे.

आपल्याकडचा नियम थोडा वेगळा आहे आणि तो वेगळेपणा इथे फार महत्त्वाचा आहे. २०११ साली प्रगणनेचा काळ ९ ते २८ फेब्रुवारी होता आणि संदर्भक्षण १ मार्चच्या सुरुवातीचा होता. या काळात माणूस आपल्या नेहमीच्या घरी एकदाही नसेल आणि परतणारही नसेल, तर तो जिथे सापडेल तिथे मोजायचा, असा दंडक होता. आता ऊसतोडीचा हंगाम डोळ्यांपुढे आणा. बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, शिरूर कासार, पाटोदा या भागांतली कुटुंबे दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. फेब्रुवारीत ती सारी कारखान्यांच्या परिसरात, कोप्यांमध्ये असतात. नियमाप्रमाणे मी त्यांना तिथेच मोजले.

एका कोपीपुढे पाचट रचून ठेवलेले होते आणि एक बाई तान्ह्या मुलाला मांडीवर घेऊन भाकरी थापत होती. मी नावे लिहून घेतल्यावर तिने विचारले, "गुरुजी, आमचं गाव लिवलं का?" जन्मस्थान आणि याआधीचे राहण्याचे ठिकाण हे रकाने होते, त्यांत मी तिचे गाव लिहिले होते. स्थलांतराच्या कारणासमोर रोजगार लिहिले. परंतु तिचे माणूस म्हणून जे मोजणे झाले, ते त्या कारखान्याच्या गावात झाले. तिला ते पटले नाही. तिचे घर, तिचे शिधापत्रिकेवरचे नाव आणि गावी ठेवलेली म्हातारी सासू हे सगळे बीडकडे होते.

म्हणजे हीच बाई अमेरिकेच्या नियमाने मोजली असती तर बीडची ठरली असती, आणि मेंटोनजवळचा कामगार, कामाच्या जागीच सारा हंगाम काढणारा असेल तर, आपल्या नियमाने लव्हिंग काउंटीत धरला गेला असता. कुठला नियम योग्य, हे आकडा कशासाठी हवा यावर अवलंबून आहे. रस्ता, रुग्णवाहिका, पाणी यांसाठी आपला नियम बरा वाटतो. सदस्यसंख्या ठरवण्यासाठी तो धोक्याचा आहे. महाराष्ट्रात ६०० ते १,५०० लोकसंख्येच्या गावाला सात सदस्यांची ग्रामपंचायत मिळते आणि १,५०१ पासून नऊ सदस्यांची. जनगणनेच्या वेळी निम्मे गाव कोयता घेऊन बाहेर असेल तर त्या गावाच्या वाट्याचे काय होते, याचा विचार ज्याने त्याने करावा.

संख्यारेषा

प्रगणक गुरुजींचा प्रतिसाद अत्यंत वाचनीय आहे. त्यांच्या मांडणीत एक गोष्ट जोडतो, आणि ती ऐकून धागाकर्त्यांना कदाचित आश्चर्य वाटेल. २०२० च्या जनगणनेतला ६४ हा आकडा प्रत्यक्ष मोजलेल्या माणसांचा आहे की नाही, हेदेखील बाहेरच्या कुणाला निश्चित सांगता येणार नाही.

त्या वर्षीपासून अमेरिकेच्या जनगणना कार्यालयाने लोकांची खासगी माहिती उघड होऊ नये म्हणून प्रसिद्ध होणाऱ्या आकड्यांत मुद्दाम लहान लहान यादृच्छिक बदल मिसळण्याची पद्धत स्वीकारली. राज्याची एकूण लोकसंख्या जशी मोजली तशीच ठेवली जाते. त्याखालच्या पातळीवर, म्हणजे काउंटी, गाव, मोहल्ला यांच्या आकड्यांत थोडी भर किंवा घट असू शकते. हॅरिस काउंटीच्या ४७ लाखांत दोन-चारांचा फरक पडला तर कुणाला त्याचा पत्ताही लागत नाही. परंतु ६४ च्या काउंटीत आणि २२ च्या गावात दोन-चार माणसे म्हणजे एखादे अख्खे कुटुंब असते.

हा उपद्व्याप का करावा लागला, तेही मेंटोनसारख्या गावावरूनच नीट समजते. २२ माणसांच्या गावात वय, लिंग, वंश आणि घराचा प्रकार असे चार तक्ते शेजारी शेजारी ठेवले की त्या तक्त्यातली बाई कोण, हे पोस्टमास्तरला न विचारताही कळते. संगणकाच्या बळावर असे तक्ते एकमेकांत गुंफून मूळ नोंदी पुन्हा उभ्या करता येतात, हे कार्यालयाच्या स्वतःच्याच प्रयोगांत दिसले होते. लहान गावांना गोपनीयता हवी असेल तर अचूकपणा थोडा सोडावा लागतो. हा सौदा मला योग्य वाटतो. अनेक लोकसंख्याशास्त्रज्ञांना तो मान्य नाही.

आणखी एक गोष्ट. २०२० ची गणना कोरोनाच्या पहिल्या लाटेत झाली आणि त्याच सुमारास तेलाचे भाव कोसळले. २० एप्रिल २०२० रोजी अमेरिकी तेलाचा वायदा चक्क शून्याखाली, उणे ३७ डॉलरपर्यंत गेला. त्यामुळे २०१० च्या ८२ वरून ६४ वर झालेली घसरण वाचताना तेवढे ध्यानात ठेवावे.

चाकरमानी

जनगणनेचे झाले, परंतु मतदारयादीचे काय? मी मूळचा सिंधुदुर्गातला, सध्या डोंबिवलीत. आमच्या जिल्ह्याची लोकसंख्या २००१ साली ८,६८,८२५ होती आणि २०११ साली ८,४९,६५१ झाली. रत्नागिरीही त्याच दशकात घटली. माणसे मुंबईत मोजली जातात, गणपती आणि शिमग्याला गावी असतात, आणि मते कुठे देतात हा प्रश्न प्रत्येक निवडणुकीत गावच्या चव्हाट्यावर चघळला जातो. मेंटोनला असे काही होते का?

पेकोसपार

होते, आणि तो तिथला सर्वांत कडवट विषय आहे. २०२० च्या राष्ट्राध्यक्षीय निवडणुकीत लव्हिंग काउंटीत पडलेली मते साधारणपणे काउंटीच्या लोकसंख्येएवढीच होती. त्या ६४ माणसांत लहान मुलेही धरलेली आहेत, हे लक्षात घेतले की प्रकरण कळते.

याचे मूळ टेक्सासच्या निवडणूक कायद्यात आहे. मतदाराचे निवासस्थान म्हणजे जिथे त्याचे कायमचे घर आहे आणि तात्पुरत्या अनुपस्थितीनंतर जिथे परतण्याचा त्याचा हेतू आहे ते ठिकाण, अशी त्याची व्याख्या आहे. हेतू हा शब्द कायद्यात शिरला की तो मोजायचा कशाने? वाडवडिलांचे गुरांचे रान इथे आहे, शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहतो, परंतु घर हेच, असे म्हणणारे मतदार इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांच्या मतांवरून तंटे, न्यायालयीन दावे, फेरमोजण्या हे सारे अनेकदा झाले आहे. जिथे पाच-सहा मतांनी कमिशनर निवडून येतो तिथे एका कुटुंबाचे नाव यादीत असणे किंवा नसणे हाच निकाल असतो.

बाहेरच्यांचेही लक्ष तिकडे गेलेले आहे. २००० नंतरच्या दशकात सरकारी हस्तक्षेपाच्या विरोधातल्या काही मंडळींनी मूठभर समर्थक तिथे वसवून काउंटीचा कारभार ताब्यात घ्यायचा बेत केला होता. तो फसला. गणित साधे होते आणि तिथल्या लोकांनाही ते येत होते.

कायदेकानू

चाकरमानी यांच्या प्रश्नातला आपल्याकडचा भाग मी पूर्ण करतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १९ नुसार मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणाऱ्याचेच नाव यादीत येते. कलम २० मध्ये दोन्ही बाजू सांभाळलेल्या आहेत. एखाद्या ठिकाणी केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे एवढ्यावरून तो माणूस तिथला रहिवासी ठरत नाही, आणि तात्पुरता बाहेर गेला एवढ्यावरून त्याचे रहिवासित्व जातही नाही. एकाहून अधिक मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही, हे कलम १७ सांगते. म्हणजे कोकणातल्या कुलूपबंद घराच्या आधारावर यादीतले नाव टिकवणे कायद्याला मान्य नाही. मात्र ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे नाव गावच्या यादीत राहणे पूर्णपणे कायदेशीर आहे. गंमत अशी की, गुरुजींनी ज्या बाईला कारखान्याच्या गावात मोजले, ती मतदार म्हणून बीडचीच राहते. टेक्सासचा कायदा हेतूला जितके वजन देतो तितके आपला देत नाही, आणि माझ्या मते आपले बरोबर आहे.

ओसरीवरून

माझा विलीनीकरणाचा आग्रह मी अजून सोडलेला नाही. दिवसरात्र तिथे राबणाऱ्या हजारो कामगारांना कारभारात मत नाही आणि बाहेर राहणाऱ्या काही कुटुंबांना आहे, ही व्यवस्था कुठल्याही तत्त्वाने समर्थनीय ठरत नाही. फौजदारी खटल्यासाठी बारा जणांची ज्यूरी बसवायची म्हटली तर एकमेकांचे नातेवाईक नसलेले बारा जण मेंटोनमध्ये आणायचे कुठून?

तरीही एक शंका विचारतो. इतके तेल निघते, इतके पगार आहेत, मग या कामगारांपैकी निदान शंभर-दोनशे कुटुंबे तिथेच घर बांधून का राहत नाहीत? १९३० च्या दशकातल्या तेलामुळे लोकसंख्या वाढली होती, हे आपल्याच आकड्यांत दिसते.

पेकोसपार

ज्यूरीविषयीची आपली अडचण खरी आहे. कामगारांना मत का नाही, याचे उत्तर मात्र असे आहे की त्यांतल्या बहुतेकांनी ते मागितलेलेच नाही. त्यांचे मत त्यांच्या घराच्या काउंटीत आहे आणि तिथली शाळा व तिथला कर हेच त्यांच्या जिव्हाळ्याचे विषय आहेत.

घरे का बांधली जात नाहीत, याची कारणे माझ्या समजुतीप्रमाणे देतो. पहिले आणि सर्वांत मोठे कारण जमीन. काउंटीतील जमीन मुख्यतः थोड्या कुटुंबांच्या मोठमोठ्या रानांत विभागलेली आहे, आणि ज्या रानाखाली तेल आहे ते तुकडे पाडून घरासाठी विकण्याची मालकाला काहीच गरज नसते. घर बांधायला एकर-अर्धा एकर जागा विकत घ्यायची म्हटले तरी ती बाजारात येतच नाही. दुसरे कारण पाणी. पेकोसचे पाणी खारट आहे, पाऊस अगदी तुटपुंजा, आणि मेंटोनला पूर्वीपासून पिण्याचे पाणी बाहेरून आणावे लागत असे. तिसरे कारण कामाची पद्धत. १९३० च्या दशकात तेलाची विहीर खणणारा माणूस बायकामुलांसह विहिरीच्या आसपासच बिऱ्हाड करी, कारण रोज ये-जा करण्यासारखे रस्ते आणि गाड्या नव्हत्या. आता कंपनी त्याला जागा, जेवण आणि बिछाना देते, पाळी संपली की तो गाडीत बसून चार-सहा तासांवरच्या घरी जातो, आणि विहिरीवर लक्ष ठेवायचे बरेचसे काम तर मिडलंड किंवा ह्यूस्टन येथील पडद्यांवरून होते. तेल पूर्वीच्या कितीतरी पट निघते आणि त्यासाठी तिथे वस्ती करावी लागत नाही. म्हणून १९४० चा २८५ हा आकडा पुन्हा कधी दिसला नाही.

राहिली शाळा. ती बंद झाली तेव्हाच, मुले असलेले कुटुंब मेंटोनला येण्याचे उरलेसुरले कारण संपले. काउंटीकडे पैसा भरपूर आहे आणि त्यातून नवी शाळा बांधता येईल. परंतु आधी मुले हवीत, आणि मुलांसाठी आधी जमिनीचा तुकडा हवा. जमीनमालकांच्या मनात येत नाही तोवर, तेलाचा भाव काहीही असो, १ एप्रिल २०३० च्या गणनेत काउंटीचा आकडा फार फार तर शंभराच्या आसपास राहील असा माझा अंदाज आहे.